रविवारचं जेवण रविवारी: कोकणातल्या ख्रिस्ती घरासाठी हृदयाला सोसणारा स्वयंपाक

स्टेंट बसवून नवऱ्याला घरी आणलं आणि पहिले पंधरा दिवस मी त्याच्यासाठी वेगळा टोप चढवला. दुधी, मुगाचं पाणी, बिनमिठाचा भात. आम्ही बाकीचे तिघे नेहमीसारखे जेवत होतो. पंधराव्या दिवशी दुपारी पाहते तर हा माणूस ओट्यापाशी उभा राहून आमच्या टोपातली सुरमईची कढी वाटीने पितोय. मला बघून म्हणाला, "गो, तां हॉस्पिटलातला जेवाण माका नको." त्या संध्याकाळपासून घरात एकच टोप. सगळ्यांनी खायचं ते त्याने खायचं, आणि त्याला चालेल तेच सगळ्यांनी खायचं.

मग हिशेब मांडायला बसले. सासूबाई वेंगुर्ल्याकडच्या, ऐंशीच्या पुढच्या, अजून स्वतःचे मासे स्वतः साफ करतात. त्यांच्या लहानपणी सकाळी पेज, दुपारी भात नि पातळ कढी, रात्री कुळथाची पिठी. नारळाचं घट्ट वाटप, तळलेला मासा आणि डुकराचं मटण हे फेस्ताला (चर्चच्या सणाला), लग्नाला, फार तर रविवारी. आमच्याकडे हा रविवार आठवड्यातून पाच वेळा येत होता. चर्चच्या वर्षात आगमनकाळ, नाताळ, प्रायश्चित्तकाळ (म्हणजेच उपवासकाळ), पुनरुत्थानकाळ असे काळ आहेत, आणि उरलेले तेहेतीस-चौतीस आठवडे नुसता 'सामान्य काळ', हिरव्या वस्त्रांचा. आमच्या स्वयंपाकघराने सण तेवढे पाळले होते, सामान्य काळ पुसून टाकला होता. पुढचं सगळं तो परत आणण्याबद्दल आहे. औषधं, गोळ्या, तपासण्या डॉक्टरांच्या सल्ल्यानेच. स्वयंपाक त्यांची जागा घेत नाही.

पहिलं काम: महिनाभर नुसतं मोजायचं

काहीही बदलायच्या आधी तेलाचा कॅन, मिठाचं पाकीट आणि नारळ कधी आणले त्याची तारीख कॅलेंडरवर लिहा. आमच्या चार माणसांना महिन्याला साडेचार लिटर तेल, दीड किलो मीठ आणि वीस-बावीस नारळ लागत होते. लिहिलं नसतं तर मी शपथेवर सांगितलं असतं की आमच्याकडे तेल कमीच वापरतात.

जागतिक आरोग्य संघटनेच्या सांगण्याप्रमाणे मोठ्या माणसाला दिवसाला ५ ग्रॅमहून कमी मीठ पुरतं, म्हणजे एक सपाट चहाचा चमचा. चार माणसांचे तीस दिवसांचे झाले ६०० ग्रॅम. एक किलोचं पाकीट पन्नास दिवस तरी चाललं पाहिजे. त्यातही लोणचं, पापड, सुकी मासळी, बेकरीचा पाव यांतलं मीठ धरलेलं नाही. एक गोष्ट मात्र लक्षात ठेवा: मासे चोळून धुवायला आपण मूठभर मीठ वापरतो, ते पोटात जात नाही. त्यासाठी जाड्या मिठाचा डबा वेगळा ठेवला तर हिशेब खरा येतो.

तेल आम्ही माणशी महिना अर्ध्या लिटरवर आणलं, तेही एका फटक्यात नाही. दर महिन्याला अर्धा लिटर कमी, असे पाच महिने गेले. चमच्याने मोजून ओतायचं. कॅन वाकडा करून थेट कढईत ओतणं बंद.

मीठसुद्धा असंच उतरवा. जिभेला सवय बदलायला काही आठवडे लागतात. पंधरा दिवसांनी चौथा हिस्सा कमी, पुन्हा पंधरा दिवस थांबायचं. तेवढ्या काळात आंबटपणा आणि वास वाढवायचा: कोकम, तिरफळ, लिंबू, माडीचा शिरका, भाजलेली मिरची, ठेचलेली लसूण. मीठ शेवटी घाला. शेवटी घातलं की रस्सा आटून खारट होत नाही आणि चव घेऊन हात आवरता येतो. बाजारात कमी सोडियमचं मीठ मिळतं, त्यात पोटॅशियम असतं. मूत्रपिंडाचा त्रास असेल किंवा रक्तदाबाच्या काही गोळ्या चालू असतील तर ते डॉक्टरांना विचारल्याशिवाय आणू नका.

सकाळची पेज

ख्रिस्ताने शिकवलेल्या प्रार्थनेत आपण मराठीत 'रोजची भाकर' मागतो, आणि सकाळी सायकलवरून येतो तो मैद्याचा पाव. मला पाव आवडतो, त्याच्याशी माझं भांडण नाही. पण त्याच्याबरोबर लोणी येतं, ऑम्लेट येतं, आणि मऊ असल्यामुळे चार पाव कधी संपले कळत नाही. आमच्याकडे पाव आता शनिवारी आणि रविवारी. बाकीचे पाच दिवस पेज नाहीतर नाचणीची भाकरी.

पेजेला उकडा तांदूळ हवा, लाल, जाड कोंड्याचा. पांढरा तांदूळ गिळगिळीत होतो आणि दहा वाजता पुन्हा भूक लागते. चार माणसांना एक वाटी तांदूळ, आठ वाट्या पाणी. रात्री धुऊन भिजत घातला तर सकाळी मंद आचेवर पाऊण तास. कुकरला पाच-सहा शिट्ट्या. दाणा बोटाने चिरडला गेला पाहिजे, पण आकार राहिला पाहिजे. चिमूटभर मीठ, बस.

पेजेबरोबर काय, इथे खरी गोम आहे. पेज स्वतः निरुपद्रवी. तिच्यासोबत येणारं लोणचं, भाजलेला सुका बांगडा, पापड यांनी दिवसाचं मीठ सकाळी नऊलाच संपतं. त्याऐवजी आदल्या रात्रीची मुगाची घट्ट उसळ, लाल माठाची भाजी, किंवा शेवग्याचा पाला. शेवग्याच्या पाल्याला इथे शेगलाची भाजी म्हणतात. गोकुळाष्टमीला शेजारून आंबोळ्या, काळ्या वाटाण्याची उसळ आणि ही भाजी ताट भरून येते, आणि त्या दिवशी आमच्याकडे स्वयंपाक नसतो. पाला देठावरून ओरबाडून घ्यायचा, बारीक काड्या काढायच्या, कांदा एक चमचा तेलात परतून पाला घालायचा आणि पाणी न घालता झाकण ठेवून सात-आठ मिनिटं. पाला जून असेल तर वेळ जास्त. रक्त पातळ ठेवायला वॉरफरीनची गोळी चालू असलेल्यांनी हिरवा पाला एकदम वाढवू नये, एकदम बंदही करू नये. रोज साधारण सारखाच ठेवावा आणि डॉक्टरांना सांगून ठेवावं.

बांगड्याचं तिखलं, थोड्या नारळात

हृदयासाठी मासा चांगला म्हटलं की लोक सुरमई नि पापलेट आणतात. ओमेगा-३ म्हणतात ती चांगली चरबी भरपूर असते ती तेलकट मासळीत, बांगड्यात आणि तारलीत, आणि हीच बाजारातली स्वस्त मासळी. तारलीच्याच जातीतले पेडवे दिसले की मी पापलेटकडे बघतही नाही. आठवड्यातून दोनदा असा मासा पानात आला की पुरे. मात्र तो तळून खाल्ला तर आपणच कमावलेलं घालवतो. रव्यात घोळवलेली तुकडी तेल कशी पिते ते बघायचं असेल तर तळण्यापूर्वी आणि नंतर तेलाची वाटी मोजा.

चार मध्यम बांगडे घ्या. कल्ले, आतडं काढून, पोटातला काळा पापुद्रा बोटाने खरवडून टाका. कडवटपणा तिथेच असतो. प्रत्येकाचे तीन तुकडे. हळद आणि अगदी थोडं मीठ लावून बाजूला ठेवा.

वाटपाला आठ बेडगी मिरच्या कोमट पाण्यात भिजवलेल्या, एक चमचा धणे, अर्धा चमचा हळद, दोन मोठे चमचे ओलं खोबरं, आणि एक चमचा भिजवलेला तांदूळ. सासूबाई एका बांगड्याला मूठभर खोबरं घालत. खोबरं कमी केलं की रस्सा पाण्यासारखा पळतो, म्हणून हा तांदूळ. तो बारीक वाटला गेला की कढी अंगाबरोबर येते. ही युक्ती मला तीन-चार वेळा फजिती झाल्यावर सुचली. एकदा तर मी बेसन लावलं होतं, त्याबद्दल घरात अजून बोलतात.

पसरट टोपात वाटप, दोन वाट्या पाणी, चार-पाच धुतलेली कोकमं. आठ-दहा तिरफळं ठेचून आतली काळी बी काढून टाका आणि फक्त सालं घाला. फोडणी नाही. रस्सा उकळला की तुकडे एका थरात सोडा आणि आच बारीक करा. आता पळी लावायची नाही. टोपाचे दोन्ही कान फडक्याने धरून गोल हलवायचं, म्हणजे रस्सा तुकड्यांवरून फिरतो आणि मासा मोडत नाही. आठ मिनिटांत डोळा पांढरा होतो, कण्याजवळचं मांस सुटायला लागतं. गॅस बंद करा, चव बघा, मीठ लागलंच तर चिमूट. वरून कच्चं खोबरेल फिरवण्याची पद्धत आहे. मी चार माणसांत एक लहान चमचा ठेवलाय, वासापुरता. झाकून अर्धा तास विसरून जा. गरमागरम तिखलं खाणाऱ्याला तिखल्याची चव कळलेली नसते.

नारळाचं काय?

कोकणात राहून नारळ बंद करा म्हणणाऱ्याचं कोणी ऐकणार नाही, ऐकू नयेही. पण आपला म्हणून त्याला आंधळं प्रमाणपत्र देण्यातही अर्थ नाही. शंभर ग्रॅम खोबरेल तेलात ८० ग्रॅमहून जास्त संपृक्त चरबी असते; शेंगदाण्याच्या तेलात ती २० ग्रॅमच्या आतच. संपृक्त चरबी वाढली की रक्तातलं वाईट कोलेस्टेरॉल वाढतं. म्हणून रोजच्या फोडणीला आमच्याकडे शेंगदाण्याचं तेल, आणि चार माणसांत एक नारळ तीन दिवस. वीस-बावीसवरून दहा नारळांवर आलो. ओलं खोबरं चोथ्यासकट वाटलं तर थोडा तंतू तरी पोटात जातो. पिळून काढलेल्या पहिल्या घट्ट दुधात चोथा नाही, चरबी मात्र भरपूर. सोलकढी दुसऱ्या दुधाची करा. नाहीतर फुटी कढी: दहा-बारा कोकमं दोन वाट्या पाण्यात तासभर भिजवून कुस्करायची, हिरवी मिरची, कोथिंबीर, ठेचलेली लसूण. दुकानातलं आगळ (कोकमाचा घट्ट रस) वापरत असाल तर वरून मीठ अजिबात नको. आगळ टिकण्यासाठी त्यात मीठ ओतलेलं असतं, हे माझ्या लक्षात यायला सहा महिने गेले. तोवर मी 'कमी मिठाच्या' जेवणावर वाटीभर खारट कढी वाढत होते.

पावसाळा

१ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांना मासेमारी बंद. नदी-खाडीचे मासे थोडेफार मिळतात, पण मुख्य आधार सुक्या मासळीचा, आणि सुकी मासळी म्हणजे मीठच. जवळा फारसा खारट नसतो. खारा बांगडा असतो. तो कोमट पाण्यात अर्धा तास भिजवा, पाणी फेका, पुन्हा एकदा तसंच करा. आठवड्यातून एकदा, चार माणसांत एक. बाकी दिवस कुळीथ.

कुळथाची पिठी वीस मिनिटांत होते. तीन मोठे चमचे पीठ एका वाटी थंड पाण्यात आधी कालवून घ्यायचं, गुठळी राहता कामा नये. दोन चमचे तेलात सहा-सात लसणीच्या पाकळ्या ठेचून लाल करायच्या, कांदा, हिरवी मिरची, मग दोन वाट्या पाणी आणि तीन कोकमं. उकळलं की कालवलेलं पीठ ओतत ओतत ढवळायचं. पिठी उतू जाण्यात दुधाची बहीण आहे, पाठ फिरवू नका. उकडा भात, पिठी आणि बाजूला कच्चा कांदा. सासूबाईंच्या शब्दांत, "ह्या खाल्ला की नीज बरी येता."

मेजावर, आणि मेजानंतर

आमच्याकडे वाढून झाल्यावर क्रुसाची खूण करून कृपाप्रार्थना म्हणतात. पूर्वी ती म्हणेपर्यंत मुलाने पापड मोडलेला असायचा. आता प्रार्थनेआधी मेजावर फक्त ताटं असतात. मिठाची वाटी, लोणचं, पापडाचा डबा कपाटात. कोणाला हवं असेल तर प्रार्थनेनंतर उठून आणावं. उठायचा कंटाळा हा माझा सर्वांत मोठा मदतनीस ठरला. ताटातलं माप सोपं: अर्ध्या भागात भाज्या नि कोशिंबीर, पाव भागात भात, पाव भागात मासा किंवा उसळ. भाताचा डोंगर करून बाजूला चमचाभर भाजी ही आपली कोकणी सवय, ती उलटी करायला वर्ष लागलं.

संध्याकाळी आमच्याकडे तेर्स, म्हणजे रोझरी. पाच दशकं, म्हणजे दहा-दहा 'नमो मरिया'चे पाच संच, शांतपणे म्हटली की पंधरा-वीस मिनिटं जातात. पूर्वी तेर्स नऊला, जेवण दहाला, आणि लगेच झोप. आता आंजेलूसची, म्हणजे चर्चमधल्या संध्याकाळच्या प्रार्थनेची, घंटा झाली की तेर्स, साडेसात-आठला जेवण. सकाळची तेर्स आम्ही दोघं चालत म्हणतो. घरापासून रस्त्यावरच्या खुरसापर्यंत (क्रुसापर्यंत) जाऊन परत यायला पाच दशकं पुरत नाहीत, सात-आठ होतात. साधारण अर्धा तास. आठवड्याला १५० मिनिटं चालावं असं सांगतात, ते असं पाच दिवसांत भरतं. डॉक्टरांनी चालण्याची परवानगी दिल्यावरच सुरू केलं, आणि पहिल्या महिन्यात आंब्याच्या झाडापर्यंतच. चालताना किंवा बसल्या जागी छातीत दाब, हातात-जबड्यात कळ, थंड घाम असं काही झालं तर गॅस झाला म्हणत सोडा पीत बसू नका. १०८ ला फोन करा.

उपवासकाळ

राखेचा बुधवार आणि शुभ शुक्रवार (गुड फ्रायडे) हे मोठ्यांच्या उपवासाचे दिवस: एक पूर्ण जेवण, आणि दोन वेळा थोडंसं, दोन्ही मिळून पूर्ण जेवणाइतकं होणार नाही एवढं. उपवासकाळातल्या शुक्रवारी मांस वर्ज्य, मासा चालतो. इथेच आमच्या किनाऱ्याची गंमत. मुंबईच्या माणसाला शुक्रवारी मटण सोडणं जड जात असेल. आम्ही त्या दिवशी बाजारात जाऊन सर्वांत जाडी सुरमई आणतो, तळतो, आणि त्याला त्याग म्हणतो. एका वर्षी आमच्या फादरांनी प्रवचनात हे हसत हसत काढलं तेव्हा अर्धं देऊळ खाली बघत होतं.

आम्ही आता उपवासकाळात घरात तळण ठेवत नाही. चाळीस दिवस कढई माळ्यावर. शुक्रवारी पेज, उसळ, भाजी. वाचलेले पैसे डब्यात जमतात आणि शुभ शुक्रवारच्या दानपेटीत जातात. पण आजाऱ्याला, मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन घेणाऱ्याला, गरोदर बाईला चर्च उपवासाची सक्ती करत नाही. नवऱ्याने पहिल्या वर्षी हट्टाने सकाळची गोळी उपाशीपोटी घेतली आणि अकरा वाजता चक्कर येऊन पडवीत बसला. त्याला मत्तयचा सहावा अध्याय वाचून दाखवला, उपास करणाऱ्याने तोंड धुऊन डोक्याला तेल लावावं, लोकांना कळू देऊ नये, तो. पडवीत आडवं पडलं की अख्ख्या वाडीला कळतं.

सण मोकळेपणाने

८ सप्टेंबरला मरियामातेच्या जन्मदिनी नवी कणसं आशीर्वादासाठी नेतात, त्या दिवशी नव्या तांदळाची गोड खीर होते आणि ती मी मोजत नाही. नाताळच्या नेवऱ्या (करंज्या) ओव्हनमध्ये भाजून पाहिल्या. त्या छान बिस्किटं होतात, नेवऱ्या होत नाहीत. म्हणून तळतेच, पण दोनशेऐवजी साठ, त्यातल्या चाळीस शेजारी जातात.

सोरपोतेल इस्टरला आणि नाताळला, वर्षातून दोनदा. डुकराचं मांस घेताना चरबीचा पांढरा थर कापून घ्या. मोठे तुकडे उकडून, त्याच पाण्यात गार करून रात्रभर फ्रिजमध्ये ठेवा. सकाळी वर मेणासारखा पांढरा पापुद्रा जमलेला असतो. तो चमच्याने उचलून फेकायचा. पहिल्यांदा मी तो वाटीत मोजला, एक किलो मांसावर पाऊण वाटी निघाला. मग तुकडे बारीक चिरून, मसाला आणि शिरका घालून नेहमीसारखं करा. तेल वेगळं लागत नाही. सोरपोतेल तिसऱ्या दिवशी मुरतं तेव्हा खरं लागतं, त्यामुळे या रात्रभराच्या थांबण्याने काही बिघडत नाही.

इस्टरच्या पहाटे मात्र सोरपोतेलाआधी आमचं एक वेगळं असतं. योहानाच्या शेवटच्या अध्यायात पुनरुत्थित येशू तळ्याकाठी कोळसे पेटवून मासे भाजतो, भाकर ठेवतो आणि रात्रभर जाळी टाकून दमलेल्या शिष्यांना न्याहारीला बोलावतो. गेली दोन वर्षं चर्चमधल्या रात्रीच्या मिस्सानंतर थोडं झोपून, उजाडता आम्ही मागीलदारी नारळाच्या करवंट्यांचे निखारे करतो. बांगड्याला तिरक्या तीन चिरा, हळद, मिरी, लिंबू, आणि हळदीची पानं मिळाली तर पान गुंडाळून, नाहीतर केळीच्या पानात. एका बाजूला सहा मिनिटं, दुसऱ्या बाजूला पाच. नाचणीच्या भाकऱ्या सासूबाई आत चुलीवर टाकतात, कारण माझ्या भाकरीला पापुद्रा सुटत नाही. पहिला बांगडा नवऱ्याला. मीठ त्याने अजून मागितलेलं नाही.